प्लॅस्टिक मिश्रण व बहिःसारण यंत्रे : वऱ्हाडाच्या संदर्भात

रासायनिक कारखान्यातून भुकटीच्या किंवा दाण्यांच्या रूपात येणारे शुद्ध प्लॅस्टिक रेझीन जसेच्या तसे क्वचितच वापरता येते. त्यात स्थिरक (विघटन रोखणारे पदार्थ), वंगणे, रंगद्रव्ये, भरणद्रव्ये इ. ठराविक प्रमाणात घालून ते एकजीव करण्याच्या क्रियेस मिश्रण म्हणतात. तापवून मऊ केलेले हे मिश्रण दाबाखाली मुद्रेच्या (इष्ट आकाराचे छिद्र असलेल्या पोलादी भागाच्या) तोंडातून सलग बाहेर काढणे म्हणजे बहिःसारण होय. नळ, तक्ते, पातळ पापुद्रे व विजेच्या तारांवरील वेष्टने या रीतीने तयार होतात.

या यंत्राचे एक भावंड वऱ्हाडास चांगले परिचयाचे आहे. अकोला, खामगाव या भागांतील तेल गिरण्यांत सरकीचे तेल काढणारा एक्सपेलर याच तत्त्वावर चालतो. दोहोंतही दंडगोलात फिरणारे मळसूत्र माल पुढे ढकलते आणि वाटेत जागा कमी होत गेल्याने दाब वाढत जातो. एक्सपेलरच्या दंडगोलास फटी असतात. त्यांतून तेल झिरपते व टोकाशी पेंड निघते. बहिःसारण यंत्राचा दंडगोल मात्र बंद असतो, म्हणून आत गेलेले सर्व द्रव्य मुद्रेतूनच बाहेर पडते. माल दंडगोलाच्या भिंतीला धरून राहावा व मळसूत्रावरून घसरावा, ही येथील मुख्य अट आहे. तो मळसूत्रालाच चिकटला, तर त्याच्याबरोबर नुसता फिरत राहतो. माल वितळविण्यास लागणाऱ्या उष्णतेचा बराचसा भाग बाहेरील तापकांतून नव्हे, तर या घर्षणातून व माल मळला जाण्यातून मिळतो.

वयाने बहिःसारण यंत्र वडील ठरते. गटापर्चा या झाडाच्या चिकापासूनच्या पदार्थाचे बहिःसारण करण्याची यंत्रे इंग्लंडमध्ये १८४५ च्या सुमारास निघाली. समुद्राखालील तारायंत्राच्या तारा त्याच पदार्थाने मढवीत. मॅथ्यू ग्रे यांनी १८७९ मध्ये मळसूत्री यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले, तर अमेरिकेतील अँडरसन यांचे एक्सपेलरचे एकस्व १९०० सालचे आहे. रबर मळण्यासाठी फर्न्ली बॅनबरी यांनी १९१६ मध्ये बंदिस्त मिश्रक बनविला व तो पुढे प्लॅस्टिक मिश्रणासही उपयोगी पडला. केवळ उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकांसाठी आखलेले पहिले यंत्र १९३५ च्या सुमारास जर्मनीत पाउल ट्रोस्टर यांनी केले, असे मानतात. त्यानंतर थोड्याच वर्षांत इटलीत कोलंबो व पास्क्वेट्टी यांनी जुळी मळसूत्रे वापरात आणली. एकाच दिशेने फिरणारी जुळी मळसूत्रे मिश्रणास, तर परस्परविरुद्ध फिरणारी नळ काढण्यास विशेष सोयीची ठरली.

भारतात पॉलिएथिलिनाचे उत्पादन १९५९ मध्ये रिश्रा (प. बंगाल) येथे आणि पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाले. प्लॅस्टिक यंत्रे बनविणारा विंडसर हा कारखाना त्याच दशकात ठाणे येथे निघाला. वऱ्हाडास जवळचे मोठे केंद्र मात्र जळगाव हे होय. तेथे भवरलाल जैन यांच्या उद्योगाने १९८० मध्ये पॉलिव्हिनिल क्लोराइडाच्या नळांचे उत्पादन हाती घेतले व पुढे ठिबक सिंचनाच्या नळ्याही काढल्या.

वऱ्हाडात प्लॅस्टिकाचा नळ रुजण्यास तेथील भूगोल कारणीभूत आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने लोखंडी नळ लवकर गंजतो. प्लॅस्टिकाचा गंजत नाही. वरूड-मोर्शी भागात संत्राबागांसाठी झालेल्या बेसुमार उपशाने भूजल खोल गेले, त्यामुळे पाणी मोजून देणे भाग पडले. परंतु हाच प्रदेश नळाची परीक्षाही कठोरपणे घेतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पुरलेल्या नळावर ताण येतो. उघड्या नळीस ४५° से. च्या पुढे जाणारे तापमान व प्रखर ऊन सोसावे लागते.

येथे टिकाऊपणा ठरतो तो मिश्रणावर. पॉलिव्हिनिल क्लोराइड ज्या तापमानास वितळते, त्याच्या आधीच त्याचे विघटन सुरू होते आणि बाहेर पडणारा हायड्रोजन क्लोराइड वायू ते आणखी वाढवितो. म्हणून स्थिरकाशिवाय त्याचा नळ काढताच येत नाही. दीर्घकाळ यासाठी शिशाची संयुगे वापरीत. शिसे विषारी असल्याने केंद्र शासनाने २०२१ मध्ये नियम करून नळांतील त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. त्याची जागा कॅल्शियम-जस्त किंवा कथिलाची संयुगे घेतात. पॉलिएथिलिनाच्या नळीत दोन ते तीन टक्के काजळी नीट विखुरलेली असेल, तर ती सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण शोषून घेते. काजळीच्या गुठळ्या राहिल्यास प्रमाण बरोबर असूनही नळी जागोजागी फुटते. नळी काळी दिसते, एवढ्यावर विसंबता येत नाही, ते यामुळेच.

भरणद्रव्य म्हणून घातली जाणारी चुनखडीची पूड बेताची असल्यास अपायकारक नसते. ती रेझिनापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने प्रमाण वाढविण्याचा मोह होतो व नळ ठिसूळ बनतो. चुनखडीची सापेक्ष घनता सुमारे २.७, तर पॉलिव्हिनिल क्लोराइडाची सुमारे १.४ असते. म्हणजे भेसळीचा नळ हाताला अधिक जड लागतो आणि वजनावरून माल पारखण्याची जुनी सवय असलेला शेतकरी नेमका येथे फसतो. भारतीय मानक ४९८५ नुसार नळाची घनता व जाळल्यावर उरणारी राख तपासतात. या दोन्ही परीक्षांत भेसळ उघडी पडते. पण त्या प्रयोगशाळेतच करता येतात, दुकानाच्या ओट्यावर नव्हे.