साइड व्हीलच्या स्कूटरवर कॉम्बी ब्रेक कसा काम करतो? माझा अनुभव आणि पूर्ण माहिती

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे माझ्या पुढची रिक्षा अचानक थांबली. मी सवयीप्रमाणे डावा ब्रेक दाबला. मागचं चाक थांबलं, पण गाडी काही थांबेना! ओल्या रस्त्यावरून ती तशीच सरळ सरकत गेली आणि रिक्षापासून हातभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. स्पीड होता जेमतेम ३०.

माझ्या उजव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे. त्यामुळे मी दोन्ही बाजूंना साइड व्हील लावलेली ११० सीसीची स्कूटर चालवतो. गाडीला कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. मग त्या दिवशी काय झालं? याचं उत्तर शोधताना जे कळलं, ते आज सोप्या भाषेत सांगतो. तुमच्या घरात कोणी अशी गाडी चालवत असेल, तर हा लेख त्यांना नक्की वाचायला द्या.

कॉम्बी ब्रेक म्हणजे नेमकं काय?

साध्या स्कूटरला दोन वेगळे ब्रेक असतात. उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा, डावा मागच्या चाकाचा. आपल्याकडे बहुतेक जण फक्त डावा दाबतात, कारण पुढचा ब्रेक दाबला की गाडी घसरते अशी भीती मनात बसलेली असते. खरं तर ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या टायरची पकड वाढते, मागच्याची कमी होते. म्हणजे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करू शकतं आणि आपण नेमकं तेच वापरत नाही.

यावर उपाय म्हणजे लिंक्ड ब्रेक. इटलीच्या मोटो गुझीने १९७५ च्या ८५० टी-३ या मोटरसायकलवर पायाच्या ब्रेकने पुढची एक डिस्क आणि मागची डिस्क एकत्र चालवली होती. आपल्याकडे होंडाने २००९ मध्ये ॲक्टिव्हाला कॉम्बी ब्रेक दिला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नवीन दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. कंपनीनुसार नाव बदलतं (हिरोचं आयबीएस, यामाहाचं यूबीएस), काम साधारण तेच.

ड्रम ब्रेकच्या स्कूटरमध्ये हे सगळं केबलवर चालतं. डाव्या लिव्हरची केबल इक्वलायझर नावाच्या एका छोट्या पट्टीला ओढते. ती पट्टी हा जोर पुढच्या आणि मागच्या केबलमध्ये वाटून देते. उजवा लिव्हर मात्र फक्त पुढचाच ब्रेक लावतो.

सीबीएस आणि एबीएस एकच का?

नाही. सीबीएस फक्त जोर वाटतो. चाक लॉक व्हायला लागलं, तर ते त्याला कळत नाही. एबीएसमध्ये सेन्सर चाकाचा वेग मोजतो आणि चाक लॉक होतंय असं दिसलं की ब्रेक क्षणभर ढिला करून परत लावतो. त्यामुळे सीबीएस असलेलं चाक लॉक होऊ शकतं. माझं तसंच झालं.

चाकं वाढली की गणित का बदलतं?

ही गोष्ट मला गॅरेजवाल्या काकांनी एका वाक्यात सांगितली. "पोरा, ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर."

समजा, बसल्यावर गाडीच्या मागच्या भागावर १२० किलो भार येतो. साइड व्हील नसताना तो सगळा मागच्या टायरवर असतो. साइड व्हील बसवल्यावर त्या दोन चाकांनी प्रत्येकी ३० किलो उचलले, तर मागच्या टायरवर उरले फक्त ६०. आता माझ्या किटमध्ये साइड व्हीलला ब्रेकच नाहीत, ती नुसती फिरतात. म्हणजे मागचा ब्रेक निम्म्या भाराच्या टायरवर काम करतो. भार निम्मा, पकडही जवळजवळ निम्मी. पण इक्वलायझर तर दुचाकीच्या हिशोबाने बनवलेला! तो मागे तेवढाच जोर पाठवतो आणि चाक पटकन लॉक होतं.

आता अंतर बघा. ताशी ३० किमी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते. चांगली पकड असेल, तर ब्रेक लागल्यावर ती साधारण ६ मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली की १२ मीटर लागतात. वेग दुप्पट केला, तर हेच अंतर चौपट होतं. आपल्याला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही.

साइड व्हीलचा एक फायदा मात्र झाला. मागचं चाक घसरूनही गाडी आडवी झाली नाही. दुचाकी असती तर मी पडलोच असतो.

परदेशातल्या ट्राइकमध्ये काय करतात?

कंपनीतूनच तीन चाकांच्या बनून येणाऱ्या मोटरसायकलींना ट्राइक म्हणतात. त्यांचे ब्रेक मुळातच तीन चाकांचा विचार करून बनवलेले असतात.

- कॅन-ॲम स्पायडर (२००७ पासून): पुढे दोन चाकं, मागे एक. हाताचा ब्रेक लिव्हरच नाही. पायाचं एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. सोबत एबीएस आहे.
- पिआजिओ एमपी-३ (२००६ पासून): पुढे दोन चाकं असलेली, वळणावर झुकणारी स्कूटर. युरोपात कारच्या लायसन्सवर चालणाऱ्या एलटी मॉडेलला सगळ्या चाकांचा ब्रेक एकत्र लावणारं वेगळं पेडल असतं.
- हार्ले-डेव्हिडसन ट्राय ग्लाइड: पुढे एक, मागे दोन चाकं आणि मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक. आत्ताच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक लिंक्ड ब्रेकिंग आहे.

फरक लक्षात आला का? या गाड्यांत भार घेणाऱ्या प्रत्येक चाकाला ब्रेक आहे. आपल्या साइड व्हीलच्या गाडीत भार घेणारी दोन चाकं बिनब्रेकची असतात.

माझ्या गाडीत काय सापडलं?

दोन गोष्टी. पहिली, साइड व्हीलच्या स्प्रिंग फार कडक होत्या, त्यामुळे ती चाकं गरजेपेक्षा जास्त भार उचलत होती. याची खूण मला आधीपासून दिसत होती, फक्त अर्थ कळला नव्हता. स्पीड-ब्रेकर तिरका ओलांडताना मागचं चाक जागेवर फिरायचं आणि गाडी पुढेच जायची नाही. ज्या टायरला ॲक्सिलरेटर दिल्यावर पकड मिळत नाही, त्याला ब्रेक दाबल्यावर तरी कुठून मिळणार?

दुसरी गोष्ट, पुढच्या ब्रेकची केबल ढिली होती. दर सर्व्हिसिंगला मी "ब्रेक टाइट करा" म्हणायचो आणि फक्त मागचा नट आवळला जायचा. त्यामुळे डावा लिव्हर दाबला तरी पुढच्या चाकापर्यंत पुरेसा जोर पोचत नव्हता. नावाला कॉम्बी ब्रेक, प्रत्यक्षात फक्त मागचा!

काकांनी मला गाडीवर बसवूनच स्प्रिंग सैल केल्या, कारण रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग बसल्यावर बदलतं. पुढची आणि मागची केबल दोन्ही सेट केल्या. आता ब्रेक दाबला की गाडीचं नाक थोडं खाली जातं. पुढचा ब्रेक काम करतोय, हे त्यावरूनच कळतं.

मोबाइलने करा तपासणी

१. गाडी सपाट जागेवर बंद करून उभी करा. मित्राला पुढच्या चाकाजवळ बसवून स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. तुम्ही डावा लिव्हर दाबा. ड्रम ब्रेक असेल, तर पुढच्या ब्रेकचा आर्म हललेला दिसला पाहिजे.
२. नेहमी चालवणारी व्यक्ती गाडीवर बसलेली असताना मागच्या टायरचा बाजूने फोटो काढा. टायर खाली किंचित दबलेला दिसायला हवा. आधी हवेचं प्रेशर तपासून घ्या.
३. लिव्हर किती मोकळा हलतो ते पट्टीने मोजा. ड्रम ब्रेकच्या स्कूटरला हे अंतर साधारण १० ते २० मिमी असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

चालवताना मी काय करतो?

- दोन्ही लिव्हर एकत्र दाबतो, आधी हलके आणि मग जोरात.
- ब्रेक वळणाच्या आधीच लावतो. साइड व्हीलची गाडी वळणावर झुकत नाही. वळताना जोरात ब्रेक लावला, तर भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला जातो आणि गाडी कलंडू शकते.
- यवतेश्वरचा घाट उतरताना सुरुवातीपासूनच स्पीड कमी ठेवतो. ब्रेक सतत धरून ठेवला, तर ड्रम तापतो आणि पकड कमी होते.
- उतारावर गाडी लावताना डाव्या लिव्हरचं लॉक न विसरता लावतो. आपल्या गाडीला साइड स्टँडचा आधार नसतो.

नेहमीचे प्रश्न

*डाव्या हातात ताकद कमी असेल तर?*
मग फक्त उजवा लिव्हर वापरला जातो आणि त्याने पुढचाच ब्रेक लागतो. कॉम्बी ब्रेकचा उपयोगच होत नाही. गाडी घेण्यापूर्वी शोरूममध्ये दोन्ही लिव्हर स्वतःच्या हाताने दाबून बघा.

*आरटीओत नोंद करावी लागते का?*
हो. किट बसवल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर बदलाची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

*किट घेताना काय विचारू?*
"साइड व्हील किती भार उचलतात आणि स्प्रिंग माझ्या वजनाप्रमाणे सेट करता येते का?" आपण सगळे रंग आणि किंमत विचारतो, मीही तेवढंच विचारलं होतं. हा प्रश्न आधी विचारला असता, तर पोवई नाक्यावर घाम फुटला नसता.