लस घेतल्यानंतरही परिचारिकांना कोरोना का झाला?

मूल : चंद्रपूर-गडचिरोली मार्गावरील मूल या तालुक्याच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयावर शहराबरोबरच जंगलालगतच्या गावांचीही भिस्त असते. अशा रुग्णालयात परिचारिकांची संख्या मर्यादित असते. त्यांपैकी एक जरी विलगीकरणात गेली, तरी तिच्या पाळीचा भार इतरांवर पडतो. त्यामुळे कोरोनाकाळात परिचारिकांना पुन्हा झालेला, तसेच लसीकरणानंतर झालेला संसर्ग हा केवळ वैयक्तिक आजाराचा प्रश्न नव्हता.

पुनर्संसर्ग म्हणजे काय?

रुग्ण बरा झाल्यावरही विषाणूचे निर्जीव अंश काही आठवडे शरीरात राहू शकतात आणि आरटी-पीसीआर चाचणी पुन्हा 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. तो पुनर्संसर्ग नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी निकष ठरविला. दोन पॉझिटिव्ह चाचण्यांत किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मधल्या काळात एक निगेटिव्ह चाचणी असावी. या निकषावर तपासलेल्या १,३०० जणांपैकी ५८ जणांना, म्हणजे ४.५ टक्के व्यक्तींना, पुनर्संसर्ग झाल्याचे आढळले. दुसरा डोस घेऊन १४ दिवस उलटल्यावर झालेल्या संसर्गाला लसीकरणोत्तर संसर्ग म्हणतात.

कारणे

देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. दुसरे डोस १३ फेब्रुवारीपासून मिळू लागले. त्याच महिन्यात विदर्भात रुग्णसंख्या वाढू लागली. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागू झाली. पुढे दुसऱ्या लाटेत पसरलेला 'डेल्टा' हा प्रकार अधिक संसर्गजन्य होता. प्रतिपिंडांना काही प्रमाणात चुकविण्याची क्षमताही त्याच्यात होती.

यात कामाच्या स्वरूपाची भर पडली. डॉक्टर फेरी मारून पुढील कक्षात जातात. परिचारिका मात्र पाळी संपेपर्यंत रुग्णाजवळच असते. प्राणवायूचा मास्क बसविणे, कफ ओढून काढणे, रुग्णाची कूस बदलणे ही कामे अंतर राखून होत नाहीत. पीपीई किट उतरवताना आणि जेवणासाठी मास्क काढल्यावरही धोका असतोच.

लशीने काय साधले?

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने फेब्रुवारी ते मे २०२१ या काळात आपल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. दोन्ही डोस घेतलेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ जणांना (९.६ टक्के) संसर्ग झाला. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण २७.२ टक्के होते. दोन डोसमुळे संसर्गापासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, तर अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के संरक्षण मिळाले. या काळात दगावलेल्या एकमेव कर्मचाऱ्याने लस घेतलेली नव्हती.

तात्पर्य, लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही. परंतु त्याची तीव्रता निश्चितच कमी करते. कालांतराने प्रतिपिंडे घटतात, म्हणून १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना वर्धक मात्रा देण्यात आली.

धडा

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तरी विषाणू नाहीसा झालेला नाही. लसीकरण झाले म्हणून मास्क, हातांची स्वच्छता व लक्षणे दिसताच चाचणी यांना फाटा देता येत नाही. आजारी परिचारिकेला विश्रांती द्यायची, तर तिच्या जागी दुसरी उपलब्ध असावी लागते. लहान गावांतील रुग्णालयांसाठी लशीइतकीच ही तरतूदही महत्त्वाची आहे.