रिकामं शरीर कुणाचं?

आज आपण एका प्रेमकथेकडे इतिहासाच्या अंगानं बघणार आहोत. कादंबरी २००८ सालची, ‘द होस्ट’. लेखिका स्टेफनी मेयर. ‘ट्वायलाइट’वाली मेयर म्हटलं की काहींच्या भुवया वर जातात. आमच्याही गेल्या होत्या. पण पुस्तक संपल्यावर एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून ते आज इथे आणलंय.

कथा थोडक्यात अशी. चांदीसारखे चकाकणारे, तळहातावर मावतील असे परग्रहवासी जीव पृथ्वी ताब्यात घेतात. माणसाच्या मानेला मागून चीर द्यायची आणि आत एक जीव सोडायचा. शरीर माणसाचंच, चालवणारा दुसरा. आपल्याकडे परकायाप्रवेश हा शब्द जुनाच आहे. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरले, ही कथा अनेकांनी ऐकली असेल. पण तिथे राजा आधीच मेलेला असतो. इथे मेलनी नावाची तरुणी जिवंत आहे आणि आपल्या देहात घुसलेल्या वाँडररशी आतून भांडते आहे. मेलनीचं जेरेडवर प्रेम. त्या आठवणी शरीरातच राहिलेल्या, त्यामुळे वाँडररही त्याच्या ओढीनं ॲरिझोनाच्या वाळवंटात, लपून राहिलेल्या माणसांच्या गुहेत जाऊन पोचते. पुढे इयन नावाचा माणूस खुद्द वाँडररच्या प्रेमात पडतो. शरीर एक, मनं दोन, पुरुषही दोन! हसू येतं खरं, पण गुंता खोटा नाही.

आता जरा मागे जाऊ. १९५५ साली जॅक फिनीची ‘द बॉडी स्नॅचर्स’ आली, पुढच्याच वर्षी तिच्यावर सिनेमा निघाला. त्यात शरीर बळकावलं गेलं की माणसाची माया आटते. सिनेमाचा नायक प्रेयसीचं चुंबन घेतो आणि त्या एका क्षणात त्याला कळतं, ही आता ‘ती’ नाही. कोरियन युद्ध नुकतंच संपलं होतं. कैदेतल्या २१ अमेरिकन सैनिकांनी मायदेशी परतायला नकार दिला होता आणि ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला होता. सिनेमा कम्युनिस्टांविरुद्ध होता की मॅकार्थीच्या दहशतीविरुद्ध, हा वाद जुना आहे. त्यात आज शिरायला नको.

मेयरनं हे सगळं उलटं केलं. तिचे आक्रमक प्रेम करतात, इतकंच नाही, तर ते आपल्यापेक्षा सज्जन आहेत. युद्धं थांबली, पैसा गेला, आजार बरे होऊ लागले. आणि ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारी वाँडररच, म्हणजे घुसखोरच. १८९८ मध्ये एच. जी. वेल्सनं मंगळवासी इंग्लंडवर सोडले आणि पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून दिली. जेत्यांना त्यानं जितांच्या जागी उभं केलं. मेयर वाचकाला जेत्याच्या डोळ्यांमागे बसवते. ‘आम्ही आलो म्हणून सुधारणा झाली’ हा सूर आपल्या कानांना काही नवा नाही. रेल्वे आणि तारायंत्राचा हिशेब आपल्याही आजोबा-पणजोबांना ऐकवला गेलाच होता.

वाँडररला शेवटी हे उमगतं. शरीर मेलनीचं, ते तिला परत द्यायचं आणि आपण मरायचं, असं ती ठरवते. आम्हाला कादंबरीचा हा भाग सगळ्यात सच्चा वाटतो.

पण मेयर तिथे थांबत नाही. वाँडररला दुसऱ्या एका मुलीच्या शरीरात ठेवतात. कारण काय, तर त्या मुलीतला परका जीव काढल्यावरही ती स्वतः जागी झाली नाही. घर रिकामं होतं, म्हणून राहायला आलो. १७८८ पासून इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात वसाहती केल्या, त्यांच्या पाठीशी पुढे असाच कायदा उभा राहिला: जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती. तिथल्या उच्च न्यायालयानं ते गृहीतक मोडीत काढलं १९९२ साली, माबो खटल्यात. म्हणजे दोनशे वर्षं गेली.

कादंबरीत कुणी असा खटला लढवत नाही. इयन खूश, जेरेड आणि मेलनी खूश, वाचकही बहुधा खूश. पण ते घर रिकामं केलं कुणी? ती मुलगी काही आपणहून निघून गेली नव्हती.