रबरी बटणं, निळा पडदा

शनिवार सकाळ, डिसेंबर १९८४. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि शेफील्डच्या कार्व्हर स्ट्रीटवर उभे आहात. अंगातला कोट थोरल्या भावाचा, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. समोरच्या दुकानाचं नाव ‘जस्ट मायक्रो’. दार ढकललंत की ओल्या लोकरीचा वास येतो आणि चार-पाच यंत्रांचे आवाज एकदम कानावर पडतात. टेबलांवर संगणक मांडलेत, प्रत्येकाभोवती पोरांचं कोंडाळं आहे. बहुतेकांच्या खिशात बसभाड्यापुरतेच पैसे आहेत, तरी त्यांना कुणी हाकलत नाही.

भिंतीवरच्या फळ्यांवर कॅसेटी लावल्या आहेत. गाण्यांच्या असतात त्याच, पण आत खेळ भरलेले. मास्टरट्रॉनिकचे स्वस्तातले १ पौंड ९९ पेन्सला, ‘अल्टिमेट’चे नवे ९ पौंड ९५ पेन्सला. तुमचे पाय आपोआप डावीकडे वळतात, कारण डावी बाजू स्पेक्ट्रमची. उजवी कमोडोर ६४ची. तिकडे उभी असलेली दोन पोरं तुमच्याच वर्गातली आहेत, पण आत्ता तुम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही.

एक खेळ मात्र दोन्हीकडे आहे, ‘वाँटेड: मॉन्टी मोल’. तो काढणारी ग्रेमलिन ग्राफिक्स ही कंपनी याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुरू झाली. जमिनीखाली बिळं करून राहणारा मोल नावाचा प्राणी थंडीची सोय म्हणून खाणीत कोळसा चोरायला उतरतो, एवढीच गोष्ट. पण बाहेर खाणकामगारांचा खरा संप मार्चपासून चालू आहे. जूनमध्ये इथून जवळच, ऑरग्रीव्हला, घोड्यांवरच्या पोलिसांनी कामगारांवर चाल केली होती. संपाचे पुढारी आर्थर स्कारगिल यांना या खेळात व्यंगचित्र करून घातलंय. तुमच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील त्या संपात आहेत. त्यांच्या घरी या नाताळाला संगणकाचं नावही निघणार नाही.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच उभं आहे. कुठलं यंत्र श्रेष्ठ यावर तुम्ही वर्षभर तावातावाने बोलत आलात, पण निवड तुमची नव्हती. ती घरखर्चाच्या वहीने केली. ४८ केचा स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये १७५ पौंडांना आला आणि पुढे आणखी स्वस्त झाला. कमोडोर त्याच्याहून चांगलाच महाग. आईने कॅटलॉगमधून, आठवड्याच्या हप्त्यावर जे परवडलं ते मागवलं, आणि तो खोका ज्या दिवशी दारात आला त्या दिवसापासून तुम्ही स्पेक्ट्रमवाले झालात.

दुपारी घरी या. घरातला एकुलता एक टीव्ही आत्ता तुमचा आहे, फुटबॉलचे निकाल लागेपर्यंत. एरियलची वायर काढून तिथे स्पेक्ट्रमची खोचा, चॅनल ३६ वर या. यंत्राला चालू-बंदचं बटण नाही. पिन खोचली की चालू, उपसली की बंद. पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर कंपनीची ओळ उमटते. ‘जे’ दाबलंत की ‘लोड’ हा अख्खा शब्द येतो. पुढे दोन अवतरणचिन्हं, मग एंटर. आता शेजारच्या टेपरेकॉर्डरवर प्ले दाबा.

पडद्याच्या कडांवर लाल आणि आकाशी जाड पट्टे सरकायला लागतात, सोबत एक लांबलचक सूर. मग पट्टे बारीक होतात, निळे-पिवळे, आणि तो आवाज सुरू होतो. किंचाळीही नाही, खरखरही नाही, पण ज्याने तो बाराव्या वर्षी ऐकला त्याच्या कानातून तो कधी जात नाही. चित्र हळूहळू उमटतं. आधी पडद्याचा वरचा तिसरा हिस्सा, त्यातही ओळी सोडून सोडून, मग मधला, मग खालचा. सगळं काळंपांढरं. आणि मग चार-पाच सेकंदांत चौकोनाचौकोनाने त्यात रंग भरतो. तो क्षण बघायला धाकटी बहीणसुद्धा स्वयंपाकघरातून धावत येते.

अजून चारेक मिनिटं जायची आहेत. टेपरेकॉर्डरचा आवाज कमी-जास्त झाला, हेड जरा तिरकं असलं, की अगदी शेवटी ‘टेप लोडिंग एरर’ येतं. मग बारका स्क्रूड्रायव्हर आणायचा, हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवायचा आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावायची.

आज मात्र लोड झालं. ‘मॅनिक मायनर’. लिव्हरपूलच्या बग-बाइटने १९८३ मध्ये काढला, लिहिला मॅथ्यू स्मिथने, त्याचं वय तेव्हा सतरा. विली नावाचा खाणवाला, वीस गुहा, आणि तळाशी सतत घटत जाणारी हवा. तीन बटणांत सगळं, डावीकडे, उजवीकडे, उडी. पण उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणून पाय उचलण्याआधी सगळा हिशेब व्हायला हवा. खेळ चालू असताना ग्रीगची एक धून अखंड वाजत राहते. स्पेक्ट्रममध्ये आवाजासाठी वेगळी चिप नाही, फक्त एक बीपर, आणि तो वाजवायचा तर प्रोसेसरलाच हातातलं काम थांबवून वाजवावा लागतो. विलीच्या दोन हालचालींच्या फटीत स्मिथने ते सूर बसवले. हे तुम्हाला माहीत आहे, कारण शाळेत त्यावरून वाद झाला होता.

सातव्या-आठव्या गुहेत सगळे जीव संपतात. वरून एक बूट येतो आणि विलीला चिरडतो. तुम्ही कप्पा उघडून मासिकातलं कात्रण काढता. पोक ३५१३६, शून्य. विलीचा जीव एकाने कमी करणारी सूचना मेमरीत त्या पत्त्यावर बसलेली आहे. तिथे शून्य ठेवलं की जीव संपतच नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला या एका ओळीतून जे कळतं ते फार मोठं आहे. खेळ म्हणजे आकड्यांची एक लांब रांग, प्रत्येक आकड्याला पत्ता, आणि त्या पत्त्यावर तुम्ही स्वतः जाऊन आकडा बदलू शकता.

सोमवार. शाळेचं मैदान, हात खिशात, तोंडातून वाफा. कमोडोरवाला सुरुवात करतो, ‘तुमचा विली पिवळ्या भिंतीजवळून गेला की पिवळा होतो.’ खरं आहे ते. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग राहू शकतात. तुम्ही गप्प बसत नाही. २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके. प्रत्येकाला सोळांपैकी हवा तो रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट, अर्धा संगणक चित्रातच संपला. सिंक्लेअरने ते ६,९१२ बाइटमध्ये भागवलं, म्हणून यंत्र आमच्या आईला परवडलं. तो म्हणतो, आमच्याकडे स्प्राइट आहेत. आठ आकृत्या, चिपच हलवते, पाठीमागच्या चित्राला धक्का लागत नाही. तुम्ही म्हणता, पण तुमचे ठिपके दुप्पट रुंद, विटांसारखे, आणि सगळं तपकिरी. तो प्रोसेसर काढतो, तुम्ही ३.५ मेगाहर्ट्झ विरुद्ध १ काढता, तो म्हणतो तुमच्या झेड-८०ला एका सूचनेला जास्त ठोके लागतात. घंटा होते.

मला या मैदानाबद्दल मनापासून जिव्हाळा आहे. या मुलांना स्प्राइट म्हणजे काय हे कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या घरातलं यंत्र हरू नये म्हणून त्यांनी ते शोधून काढलं. शाळेतही संगणक होता, एकॉर्नचा बीबीसी मायक्रो. त्यावर शिक्षक तक्ते काढायला लावत. पण मेमरी, रंग आणि वेग यांचा एकमेकांशी काय व्यवहार आहे हे कळलं ते मैदानात, एकमेकांना खोटं पाडताना. त्याच १९८४ साली भारतात ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून हाच बीबीसी मायक्रो निवडक शाळांत पोचत होता, आणि १९८६ पासून डेसिबेल्सने परवान्याने बनवलेला स्पेक्ट्रम प्लसही आपल्याकडे विकला गेला. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या बोटांना ती बटणं आठवत असतील.

त्या नाताळात तुमची बाजू जिंकते. ‘नाइट लोर’ येतो. काढणारे ‘अल्टिमेट’वाले, अ‍ॅश्बी-डी-ला-झूश या गावचे स्टँपर बंधू. खोली कोपऱ्यातून दिसते, तिला खोली आहे, उंची आहे, ठोकळे ढकलता येतात, त्यांच्यावर चढता येतं. रात्र झाली की तुमचा नायक अंग वाकडंतिकडं करत लांडगा होतो. आणि रंगांची ती जुनी अडचण? त्यांनी अख्खी खोली एकाच रंगात रंगवली. चौकोनात दोन रंग ना, मग एक काळा आणि एक दुसरा, मिसळायला काही उरतच नाही. यंत्राच्या उणिवेतून एवढं देखणं काही निघालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. हा खेळ त्या काळात कमोडोरवर आलाच नाही, आणि ते तुम्ही मैदानात रोज सांगता.

आता वर्षभर पुढे या. १९८५ सरत आलंय. संप मार्चमध्येच मोडला. तुमचा तो उजव्या फळीपाशी उभा राहणारा वर्गमित्र एका शनिवारी म्हणतो, ‘येतोस का घरी?’ आणि तुम्ही जाता.

त्याच्या खोलीत निळ्या पडद्यावर फिकट निळी अक्षरं आहेत. पहिल्या ओळींतच यंत्र सांगतं, ३८,९११ बाइट मोकळे. बटणं खरी, टंकलेखनयंत्राची असतात तशी. तो ‘मॉन्टी ऑन द रन’ लावतो, त्याच मोलची पुढची पळापळ. आणि रॉब हबर्डचं संगीत सुरू होतं.

तुम्ही खाटेच्या कडेला बसता. व्हायोलिनसारखा एक आवाज धावत सुटलाय, खाली दुसरा त्याला ढकलतोय, तिसरा ताल धरतोय. एवढेच आवाज, तीन. बॉब यॅनेसने बनवलेल्या सिड नावाच्या चिपमध्ये तीनच आहेत. पण हबर्ड एकेक आवाज इतक्या झपाट्याने बदलतो की वाद्यवृंद वाजतोय असं वाटतं. मित्र खेळायला हात पुढे करतो आणि तुम्ही म्हणता, ‘थांब, सुरू करू नको, ऐकू दे.’ तोही थांबतो. वर्षभराच्या भांडणात तुम्ही त्याला दिलेली ही पहिली कबुली.

पण तुम्ही स्पेक्ट्रमवाले आहात. धून संपल्यावर तुम्ही म्हणता, ‘ठीक आहे. आता या पडद्यावर एक वर्तुळ काढून दाखव.’ तुमच्याकडे ते एका ओळीचं काम आहे. सर्कल १२८, ८८, ५०. झालं. कमोडोरच्या बेसिक या भाषेत वर्तुळ नाही, रेघ नाही, सुरांसाठीही शब्द नाही. जे हवं ते पोक करून, पत्त्यांवर आकडे ठेवून करायचं.

त्याचा चेहरा क्षणभर उतरतो. मग तो कपाटावरून जाडजूड माहितीपुस्तक खाली काढतो. ५३२६५ वर अमुक, ५३२७२ वर तमुक. पडद्यावर कचरा पसरतो. ८,००० बाइट एकेक करून पुसायला लागतात, आणि बेसिक ते इतकं सावकाश करतं की तेवढ्यात त्याची आई सँडविचची बशी ठेवून जाते. तुम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून ठिपक्याचा पत्ता कसा काढायचा ते वाचताय. साइन आणि कोसाइन तुम्हाला ठाऊक आहेत, त्याला नाहीत. पत्त्यांचं गणित त्याला जमतं. वर्तुळ ठिपक्याठिपक्याने उमटायला लागतं.

‘ते लाल कर,’ तुम्ही म्हणता. तो पुढचं पान उलटतो आणि मोठ्याने वाचतो. या पद्धतीत आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग वापरता येतात.

तुम्ही ताडकन उठून बसता. ‘काय? पुन्हा वाच.’ तो पुन्हा वाचतो. आपल्याला हे वर्षभर कुणी सांगितलं नाही, याचा तुम्हाला संताप आणि आनंद दोन्ही झालाय. तो हसतोय, पण हार मानायला तयार नाही. ‘म्हणून तर स्प्राइट आहेत,’ तो म्हणतो, आणि स्प्राइटचं प्रकरण उघडतो.