रक्तातील साक्षीदार



कामगाराच्या दुखण्याला नेहमी साक्षीदार लागतो. तापाची साक्ष थर्मामीटर देतो, मोडलेल्या हाडाची एक्स-रे देतो. थकव्याची साक्ष कोणी द्यावी? आमच्या युनियनमधील एक फिटर रात्रपाळी केली की पुढे दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळून राही. रक्ताचा रिपोर्ट निर्दोष आला आणि मालकाने त्याला कामचुकार ठरविले. माझ्या हाती कागद नव्हता, म्हणून मीही जोराने भांडलो नाही. त्याला कोणता रोग होता हे मी सांगू शकत नाही. पण तो सल घेऊनच मी हा इतिहास वाचू लागलो.

१९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक चमत्कारिक साथ आली. खाटांवरचे रोगी थोडेच आजारी पडले. पडले ते नर्सेस, डॉक्टर आणि इतर नोकरवर्ग, मिळून २९२ जण. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद राहिले. रक्तात कारण सापडेना. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी टिपणे चाळली आणि, रोग्यांना न तपासताच, ही साथ हिस्टेरियाची असावी असा निष्कर्ष काढला. आजाऱ्यांत स्त्रिया अधिक, हाही त्यांच्या पुराव्यातील एक मुद्दा होता!

विश्रांतीने न उतरणाऱ्या आणि श्रमानंतर बळावणाऱ्या अशा दुखण्याला १९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव मिळाले. नाव मिळाले, साक्षीदार मिळाला नाही.

२००९ साली तो मिळाल्यासारखे वाटले. ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले की, १०१ रोग्यांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू आढळला. रोग्यांना केवढा आनंद झाला! काहींनी तर एड्सवरील औषधे घेण्यास सुरुवात केली. परंतु तो विषाणू प्रयोगशाळेतील भेसळ ठरला आणि २०११ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ने तो लेख मागे घेतला. साक्षीदार खोटा निघाला.

तरीही शोध थांबला नाही. २०१६ साली नॉर्वेतील बर्गेनच्या संशोधकांना असे दिसले की, अतिशय आजारी रोग्यांच्या रक्तातील द्रव प्रयोगशाळेत वाढविलेल्या स्नायुपेशींवर घातला, तर त्या पेशींच्या ऊर्जानिर्मितीची रीतच बदलते. २०१९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे २० रोगी आणि २० निरोगी माणसे घेऊन प्रयोग झाला. रक्तपेशींना मिठाच्या पाण्याचा ताण दिला, तेव्हा रोग्यांच्या पेशी विद्युत्प्रवाहाला वेगळा प्रतिसाद देऊ लागल्या. संख्या लहान आहे. सर्वमान्य अशी रक्तचाचणी आजही नाही. रक्तातील तो घटक कोणता, हे ठरावयाचेच आहे.

या इतिहासाने मला दोन गोष्टी शिकविल्या. घाईने उभा केलेला साक्षीदार फिर्यादीचेच नुकसान करतो, ही एक. आणि साक्षीदार सापडला नाही एवढ्यावरून फिर्याद खोटी ठरत नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट शास्त्रज्ञांनी ध्यानी धरावी. दुसरी मालकांनी, डॉक्टरांनी, आणि माझ्यासारख्या युनियनवाल्यांनीही. त्या फिटरचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी मला रक्ताच्या रिपोर्टाची गरज नव्हती.