जोडीने दगा देणाऱ्या यंत्रांची कुळकथा

एक यंत्र बंद पडले तरी काम अडू नये म्हणून शेजारी दुसरे उभे करण्याची तजवीज अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीला परकी नाही. आणि गार पाण्याचा एक पंप गरजेच्या वेळी शंभरांत एकदा दगा देत असेल, तर दोन्ही एकदम दगा देण्याचा संभव दहा हजारांत एक, असा हिशेब मांडून व्यवस्थापक निर्धास्त होतो. या गुणाकाराचे कूळ दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अस्त्रांच्या कारखान्यांपर्यंत जाते; एकामागून एक जोडलेल्या घटकांच्या विश्वसनीयतांचा असाच गुणाकार रॉबर्ट लुसर या अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. परंतु एका घटकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही, हे गृहीतक त्यात मुकाट्याने वावरत असते.

त्या गृहीतकाला आव्हान दिले अमेरिकी अणुवीज अभियंत्यांनी. कार्ल फ्लेमिंग यांनी 1974-75 च्या सुमारास बिघाडांतील सामाईक कारणाचा हिस्सा ‘बीटा’ या अक्षराने दर्शविला. हा हिस्सा दहा टक्के धरला, तर आपल्या पंपांची जोडी दहा हजारांत नव्हे, सुमारे हजारांत एकदा कोलमडते. 22 मार्च 1975 रोजी अलाबामातील ब्राउन्स फेरी वीजकेंद्रात हवेची गळती शोधण्यासाठी धरलेल्या मेणबत्तीने केबलींभोवतीचा फोम पेटला आणि स्वतंत्र म्हणून मिरविणाऱ्या संरक्षक यंत्रणा एकाच आगीत निकामी झाल्या. तेव्हा या विचाराला निराळ्या पुराव्याची गरज उरली नाही.

आपल्याकडे हे सामाईक कारण बहुधा उल्हास नदीच्या रूपाने येते. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा रेल्वे अडली तर रस्ता आहे हा दिलासा फोल ठरला, कारण नदीकाठचे रस्तेही त्याच पाण्याखाली होते, आणि सुमारे 1,050 प्रवाशांच्या सुटकेसाठी होड्या आणाव्या लागल्या.

म्हणून विश्वसनीयतेची तपासणी करणाऱ्याने यंत्रांची संख्या मोजण्यापूर्वी त्यांची सोयरीक तपासावी: दोन्ही पंप एकाच फीडरवर आहेत काय, एकाच सखल जोत्यावर आहेत काय, एकाच फिटरने एकाच दिवशी एकाच चुकीने बसविले आहेत काय? उत्तर होकारार्थी असेल, तर तिसरा पंप विकत घेण्यापेक्षा दुसऱ्याचे जोते उंच करणे व त्याला वेगळा फीडर देणे हाच खर्च अधिक सार्थकी लागतो.