कापडावरचा अर्ज, दगडावरची नावं

मेक्सिकोत त्लाश्काला नावाचं एक राज्य होतं. शेजारच्या अ‍ॅझ्टेक साम्राज्यानं त्याची अशी नाकेबंदी केलेली, की तिथल्या लोकांना मीठ मिळेना, कापूस मिळेना. १५१९ साली स्पेनचा कोर्तेस आला. हे लोक आधी त्याच्याशी लढले, मग त्याच्या बाजूनं गेले, आणि १५२१ साली दोघांनी मिळून अ‍ॅझ्टेकांची राजधानी पाडली. त्यांच्या हजारो माणसांशिवाय मूठभर स्पॅनिशांच्यानं ते झालं नसतं.

१५५२ च्या सुमारास त्यांनी ही लढाई कापडावर रंगवली. ऐंशीच्या वर चौकटी. कोर्तेसजवळ दुभाषी बाई मालिन्चे, घोड्यांच्या टापांखाली तुटलेले हातपाय. साचेखात्यातला माणूस कापड दिसलं की आधी खोट शोधतो. इथं खोट एकच, पण केवढी! कोर्तेसशी झालेली पहिली लढाईच त्यात नाही. पहिल्यापासून नुसत्या भेटी नि मिठ्या. कारण चित्र स्पेनच्या राजासाठी काढलेलं. तो अर्ज होता: तुमच्यासाठी रक्त सांडलं, आता आमच्या हक्काचं बघा. अर्जात कोण लिहील, की आधी तुम्हालाच ठोकलं होतं?

या लोकांना फितूर म्हणणारे तिकडं निघालेच. मित्रांनो, हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे.

१ जानेवारी १८१८, भीमा कोरेगाव. कॅप्टन स्टॉन्टनचं पाचशेच्या आसपास पायदळ, थोडे घोडेस्वार, दोन तोफा, पलीकडं पेशवा. ज्याच्या राज्यात आपल्या सावलीचा विटाळ, त्याच्याशी निष्ठा कसली? स्तंभावर ४९ नावं आहेत, त्यातली २२ 'नाक'वाली. भाषणात काहीजण सगळेच महार करून टाकतात, ते मला पटत नाही. २२ खरी आहेत, तेवढी पुरेत. पण स्तंभ उभारला कंपनीनं, स्वतःच्या विजयासाठी. आपल्या माणसांनी पेशवाईत काय सोसलं, त्याची एक ओळ त्यावर नाही.

१८९२ साली कोलंबसच्या चारशेव्या वर्षानिमित्त मेक्सिकोत त्या चित्रांची नक्कल छापली गेली. मूळ कापड हरवलेलं. त्याच सुमारास इथं इंग्रजानं महारांची भरती बंद केली. झाली की नाही सेवेची किंमत! मग आपणही अर्जाला बसलो. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर, १९१० साली शिवराम जानबा कांबळे. बाप-आज्यांच्या लढाया मोजून दाखवायच्या, भाषा राजनिष्ठेची. मी त्यांना हसत नाही. दुसरी भाषा चाललीच नसती. १९१७ साली महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध सरलं तशी मोडली.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले, ते साहेबाकडं अर्ज घेऊन नव्हे, आपल्या माणसांपुढं बोलायला. तेव्हापासून तो दगड आपण आपल्या बाजूनं वाचतो. ३१ डिसेंबरच्या रात्री परळ-नायगावच्या चाळींतून माणसं निघतात ती २२ नावांसाठी. स्टॉन्टन कोण, हे त्यातल्या अनेकांना ठाऊकही नसतं.

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला. त्याच्या जागी खंजीर आला.